दोन रावजी

हरिश्चंद्र रत्नागिरीच्या शाळेत मास्तर होता. त्याचे वडील आप्पा गावी शेती पाहत. आप्पा चार वर्षांचे असताना त्यांचे वडील, शिपाई रावजी बिन दादू, कंदाहारकडच्या लढाईत पडल्याचं पलटणीचं पत्र घरी आलं होतं. आप्पांना बापाचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. आता सत्तावन्नाव्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं होतं की, देवळाच्या आवारात बापाच्या नावाचा दगड बसवायचा आणि त्यावर पलटण नि लढाई नीट कोरायची. म्हणून एकोणीसशे तेहेतीस साली हरिश्चंद्रानं पलटणीच्या कचेरीला इंग्रजीत अर्ज केला.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. शाळेच्या ओसरीवर त्यानं ते उभ्यानं वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

पलटणीत रावजी बिन दादू दोन होते. दोघे एकाच तुकडीत, नंबर तेवढे वेगळे. लढाईत पडला तो पूर्णगडचा. हरिश्चंद्राचे आजोबा लढाईतून जिवंत सुटले होते. पुढं पायाची जखम चिघळली आणि दिवाळीच्या सुमारास ते कराचीच्या इस्पितळात वारले. त्यांच्या नावापुढं शेरा होता, 'घरी पूर्वीच कळवले आहे.'

म्हणजे आजीनं बांगड्या फोडल्या, घरानं तेरावं घातलं, तेव्हा आजोबा खाटेवर पडून घराची वाट बघत होते. आणि पूर्णगडला कुणी काही कळवलंच नव्हतं.

आप्पांना सांगायचा धीर होईना. रविवार धरून तो आधी पूर्णगडला गेला. खाडीकाठच्या एका घरात त्या रावजीची मुलगी राही भेटली. पंचावन्नीची, अंगणात सुकत घातलेली मासळी उलटत होती. हरिश्चंद्रानं तिला सगळं सावकाश सांगितलं. बाप जाताना ती दोन महिन्यांची होती. आईनं जन्मभर कुंकू लावलं आणि लोकांचे टोमणे सोसले. चौदा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा राहीनं भांडून तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून पोचवली होती.

"तिथी कुठली?" राहीनं विचारलं.

"आषाढ वद्य पंचमी. आमच्याकडं दर वर्षी श्राद्ध होतं, मावशी. कधी चुकलं नाही."

"जेवायला काय करता?"

"वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर."

राहीनं हातातली मासळी खाली ठेवली.

"मी कधी काय केलं नाय. जित्या मानसाचं कसं करनार? माझ्या बापाला पानी तुमच्या घरानं दिलं, मास्तर." मग तिनं हळूच विचारलं, "आनि तुमच्या आजोबाला?"

पन्नासावर वर्षं आजोबांच्या नावानं पान वाढलं गेलं, पण ती तिथी त्यांची नव्हती. निघताना त्यानं राहीच्या बापाचा नंबर नि तिथी मोडी अक्षरात कागदावर लिहून दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद कनवटीला लावला आणि त्याला पाणंदीपर्यंत पोचवायला आली.

आप्पांना त्यानं त्याच आठवड्यात गावी जाऊन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, इस्पितळात बापाजवळ कोण होतं. तसं काही लिहिलेलं नाही, असं हरिश्चंद्र म्हणाला. दगडाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या दिवाळीत आप्पांनी बापाचं श्राद्ध पहिल्यांदा त्याच्या तिथीला घातलं, आणि लोक फराळ करत असताना भटजी आलेला पाहून शेजारीपाजारी चकित झाले.

पुढच्या आषाढात हरिश्चंद्र गावी होता. पंचमीला पहाटेच दर वर्षीसारखी आप्पांनी आंघोळ केली, सोवळं नेसले आणि माजघरात पाट मांडून बसले. सून दारात येऊन थांबली. चुलीवर काही चढलेलं नव्हतं. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग हरिश्चंद्राकडं. थोड्या वेळानं ते उठले, पाट भिंतीला लावून ठेवला आणि सोवळं न सोडताच मळ्याकडं निघून गेले.