बंजारा हिल्सचा नायक

मी गोधडी बोलतेय. नाक मुरडू नका. माझ्याहून कळकट वस्तू तुम्ही दिवसभर खिशात घालून हिंडता आणि दर दोन मिनिटांनी गालाला लावता. तिला कोणी कधी उन्हात टाकत नाही.

केळापूरजवळच्या एका तांड्यावर माझा जन्म झाला. रामीबाईने आपले तीन जुने फेटिये, म्हणजे घेरदार घागरे, उसवले, नवऱ्याची दोन विरलेली धोतरं आत घातली आणि एका उन्हाळ्यात मला शिवून काढलं. त्याला पस्तीस वर्षं झाली. तेवढ्या काळात त्या घरात चार गाद्या आल्या आणि चारही दबून गेल्या. मी आहे तशी आहे.

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, आता हे कापूस आणि तूर पेरतात. घरात गोरबोली बोलतात, बाहेर वऱ्हाडी. त्यांचं बोलणं मी तुम्हाला वऱ्हाडीतच सांगते. गोरबोली तुम्हाला यायची नाही, आणि शिकण्याची घाईही दिसत नाही.

रामीबाईचा नवरा देवसिंग हा तांड्याचा नायक. भावाभावांची भांडणं, धुऱ्याचे म्हणजे शेताच्या बांधाचे वाद, मोडलेल्या सोयरिकी, सगळं त्याच्यापुढे यायचं. न्यायाला बसताना तो ओट्यावर मला अंथरायचा. माझ्यावर बसून तो समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग एकच प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नाला खोटं बोलणाऱ्याची जीभ अडखळायची. हरिसिंग नावाचा एक गडी पाच वर्षांपासून नायकीवर डोळा ठेवून होता, पण देवसिंगच्या न्यायात बोट घालायला जागा नव्हती. मला त्याचा अभिमान होता. तो मी लपवणार नाही.

असल्या माणसाच्या पोटी शाम आला. पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये तो सुपरवायझर आहे. गळ्यात ओळखपत्र घालून जेवायला बसतो. यंदा कापसाची वेचणी आटोपली तशी त्याच्या डोक्यात हैदराबाद शिरलं. चारमिनार, गोवळकोंडा, तळ्यातला बुद्ध, सगळं दोन दिवसांत बघायचं. आता पाहायचं काय हे अर्ध्या तासात ठरलं. उतरायचं कुठे यावर आठ दिवस गेले.

ते आठ दिवस मी ऐकले आहेत, कारण सगळे माझ्यावरच बसले होते. शाम मोबाईल धरायचा आणि त्याची बायको जया खांद्यावरून वाकून बघायची. खोलीचे फोटो, न्हाणीघराचे फोटो, उशांचे फोटो. ज्या माणसांनी स्वतःच्या घरातली गळकी तोटी दोन वर्षांत बदलली नाही, ती माणसं परक्या शहरातल्या नळाचा आकार नापसंत करत होती. कोण्या तिऱ्हाईताने लिहिलं होतं की नाश्ता थंड मिळाला. झालं, ते हॉटेल गेलं. दुसऱ्या कोणी एका हॉटेलला पाच चांदण्या दिल्या होत्या. त्या माणसाचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, पण त्याच्या शब्दावर जयाचा जेवढा विश्वास बसला तेवढा सासूच्या शब्दावर कधी बसला नाही.

जयाला पोहण्याचा हौद हवा होता. तिला पोहता येत नाही. घरात कोणालाच येत नाही. पण फोटोत हौद निळा दिसत होता आणि तिच्या बहिणीने गोव्याहून तसला फोटो पाठवला होता.

देवसिंगला हे पटत नव्हतं. "स्टेशनापाशी धर्मशाळा राह्यते," तो म्हणायचा. "झोपाले कितीक जागा लागते मानसाले? हौदापाशी झोपनार हाय काय तुमी?"

मग सातव्या दिवशी शाम एकेका भागाचं नाव मोठ्याने वाचत होता. चारमिनारजवळ, स्टेशनजवळ, बंजारा हिल्स.

"काय म्हनला?" देवसिंग सरळ झाला. "पुन्ना सांग."

"बंजारा हिल्स."

"हिल म्हंजे?"

"पहाड."

"बंजाऱ्याइचा पहाड," देवसिंग म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मला आधी बरंच वाटलं. "म्हंजे आपला तांडाच हाय तिथं. अन् एवढे दिवस सांगतलं नाही तुनं?"

आता तुम्हाला माहीत आहे आणि शामलाही माहीत होतं. तिथे पूर्वी कधी बंजारे राहायचे असं म्हणतात. आज तिथे बंगले, दागिन्यांची दुकानं आणि काचेचे दवाखाने आहेत. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण निळ्या हौदाचं हॉटेल नेमकं तिथेच होतं. जयाने शामकडे पाहिलं, शामने मोबाईलकडे पाहिलं.

"हो बा," तो म्हणाला. "मोठा तांडा हाय."

माझ्यावर बसून आजवर पुष्कळांनी खोटं सांगितलं, पण ते निदान घाबरत सांगायचे.

रामीबाई भोळी असली तरी तिचं डोकं चालतं. ती म्हणाली, "तांडा हाय तं मंग हॉटेल कायले पाह्यजे? नायकाच्या घरी उतरू ना. जेवू घातल्याशिवाय थोडीच सोडतीन ते."

खरंच तशी रीत आहे. वाटेवरचा बंजारा अनोळखी तांड्यावर पोचला की नायकाचं घर विचारतो. तिथे त्याला पाणी, भाकर आणि पाठ टेकायला जागा मिळते. त्यात उपकार कोणी मानत नाही.

शामने एक खोटं झाकायला आईपुढे दुसरं काढलं. "पाहुने लय येतात याडी तिथं. म्हनून तांड्यानंच हॉटेल बांधलं."

देवसिंगने तो एक प्रश्न विचारला नाही. समोर परका असता तर विचारला असता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण देवसिंगने त्याच संध्याकाळी तांडा जमवला. पुढच्या महिन्यात बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची जयंती होती. "बंजारा हिल्सच्या नायकाले आपल्या तांड्याचं आवतन देऊन येतो," त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. "मोठ्या शहराचा नायक आपल्या ओट्यावर बसला पाह्यजे." बायकांनी पाहुण्यांसाठी काय रांधायचं ते ठरवायला घेतलं. हरिसिंगसुद्धा हो म्हणाला. शाम मागे उभा होता, आणि तेव्हाही त्याला तोंड होतं.

निघताना चाकाची नवी बॅग सगळ्यांना दाखवून गाडीत ठेवली. आमच्या मातीत तिची चाकं फिरेनात म्हणून शामने तिला डोक्यावर घेतलं होतं. मी देवसिंगच्या खांद्यावर होते. त्याच्या पिशवीत गुळाची भेली आणि नारळ होता, नायकासाठी.

हॉटेलात शिरताच टाय घातलेल्या एका पोराने मला दोन बोटांनी उचललं आणि म्हणाला, "ये स्टोअर में रख दूँ?" देवसिंगने मला परत ओढून घेतलं. पलंगावरच्या पांढऱ्या चादरी मी पाहिल्या. माणसागणिक धुतात म्हणे त्यांना, इतक्या जणांच्या अंगाखालून गेलेल्या असतात. आणि मी कळकट.

सकाळी शाम आणि जया हौदाकाठी फोटो काढत होते. देवसिंगने आंघोळ केली, तांबडं पागोटं बांधलं, थंडी होती म्हणून मला पांघरलं आणि पिशवी घेतली. नात राखी बारावीला आहे. ती म्हणाली, "आबा, मी येतो संगं." तिचा चेहरा बरा नव्हता.

आम्ही पहाड चढलो. दोन्हीकडे उंच भिंती, भिंतींवर काचा. देवसिंग प्रत्येक फाटकाकडे आदराने पाहत होता. "लय सुधारला तांडा," असंही एकदा म्हणाला. शेवटी एका दहा मजली इमारतीच्या फाटकापाशी पहारेकरी बसला होता, त्याला त्याने राम राम केला.

"क्या होना बाबा?"

"नायक के घर जाना है."

"नायक साब?" पहारेकऱ्याने वही चाळली. "सातवां माला. कहां से आए?"

देवसिंगने माझी घडी नीट केली, पागोटं चाचपलं. "पाह्यलं?" तो राखीला म्हणाला. पहारेकऱ्याने फोन लावला. पलीकडचा कोणी नायक आडनावाचा गृहस्थ काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. पहारेकरी ऐकून म्हणाला, "साब बोल रहे, पार्सल है तो गेट पे रख दो."

"पार्सल नाही," देवसिंग म्हणाला. "आवतन हाय." पहारेकऱ्याला शब्द कळला नाही. त्याने पिशवीत डोकावून गूळ पाहिला आणि म्हणाला, "बाबा, यहां बेचना मना है."

देवसिंग जागचा हलला नाही. मग राखीने त्याचा हात धरला आणि त्याला रस्त्याच्या पलीकडे आणलं. तिथे ती रडायला लागली. "आबा, इथं तांडा नाही. नुसतं नाव हाय. इथं सगळे कोर राह्यतात." बंजारे स्वतःला गोर म्हणतात; कोर म्हणजे जे गोर नाहीत ते, आपले नाहीत ते.

"तुले कधी समजलं?"

"कालच्याले, हॉटेलात. बाबाले इचारलं मी."

"त्याले कधी समजलं?"

"निघायच्या आंधीच," राखी म्हणाली. तो एक प्रश्न अखेर विचारला गेला होता, पण भलत्याच माणसाला. देवसिंगने नातीचे डोळे माझ्या कोपऱ्याने पुसले. हॉटेलात परतल्यावर तो शामला काही बोलला नाही. चारमिनार पाहिला, तळ्यातला बुद्ध पाहिला, सांगतील तिथे फोटोत उभा राहिला. शामला वाटलं, निभावलं.

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी तांडा ओट्यासमोर गोळा झाला. हरिसिंग अगदी पुढे बसला होता. कुठून तरी त्याच्या कानावर आलं असावं, ओठ आवरताना त्याला त्रास होत होता. देवसिंगने मला अंथरलं आणि बसला.

"मंग नायक," हरिसिंग म्हणाला, "आवतन घेतलं काय त्याइनं? कसा हाय मानूस?"

देवसिंगच्या आधी शाम बोलला. तो बोलतच सुटला. नायक फार मोठा माणूस आहे, सातव्या मजल्यावर राहतो, बापाला गळ्याशी धरलं, जेवू घातलं, पण जयंतीला परदेशात जायचं आहे म्हणून येता येत नाही. बापाची लाज राखतोय असं त्याला खरोखर वाटत होतं. लोक माना डोलावत होते. हरिसिंगचं तोंड पडलं. देवसिंग नुसता हो म्हणाला असता तर सगळं निभलं असतं, आणि खरं सांगते, मलाही वाटलं की म्हणावं. मीही घरचीच आहे.

देवसिंगने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाला, "खोटं हाय हे."

लोकांच्या माना डोलायच्या थांबल्या.

"तिथं तांडा नाही, नायक नाही. माह्या पोराले निघायच्या आंधीच मालूम होतं. त्यानं मले सांगतलं नाही, अन् मले वळखू आलं नाही. ज्याले आपल्या घरातलं खोटं वळखू येत नाही, तो तुमचा न्याय काय करीन?" तो माझ्यावरून उठला. "हरिसिंग, तू बस."

हरिसिंग हसायलाच आला होता, पण त्याला हसता आलं नाही. तो उभा राहिला, हात जोडले, नको नको म्हणाला. देवसिंगने ऐकलं नाही. मला उचललं, झटकलं आणि घरात गेला.

त्याला आता दीड महिना झाला. जयंती झाली, पाहुण्याविना झाली. न्याय हरिसिंगच्या अंगणात होतो. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि समोरचा बोलत असतानाच निकाल देतो. लोक अजून अंधुक आशेने आमच्या ओट्याकडे बघत जातात. मी रामीबाईच्या पलंगावर पायथ्याशी असते. एका बाजूने उसवायला लागले आहे आणि शिवणारीला आता सुईत दोरा ओवता येत नाही.

तुम्हीही कुठेतरी फिरायला जाल. खुशाल हौद बघा, चांदण्या मोजा, उशांवर वाद घाला. माझी ना नाही, तुमची अक्कल तेवढीच आहे. पण घरातला म्हातारा एखाद्या नावावर भाळला, तर त्याला तिथल्या तिथे खरं सांगून टाका. तो रुसेल, धर्मशाळेत झोपवेल. एवढंच होईल.

परवा दुपारी शाम घरात आला. जिनिंगचं ओळखपत्र काढून खिशात घातलं होतं. देवसिंग भिंतीला टेकून बसला होता. शाम समोर खाली बसला आणि फरशी खरवडत म्हणाला, "बा, चुकलं माहं."

मला वाटलं, आता म्हातारा विरघळणार. त्याचा हात शामच्या डोक्याकडे गेलाही होता. तो त्याने मध्येच मागे घेतला.

"चूक नायकापुढं कबूल करा लागते," देवसिंग म्हणाला. "मी नायक नाही. हरिसिंगकडे जा."

हरिसिंगचं घर इथून चौथं आहे. शाम अजून गेलेला नाही.