उपाशी जंतूंची बशी

या मित्रांनो, जवळ सरका. बुवा पूर्वरंग आटोपून आख्यान लावतात ना, तसंच एक आख्यान सांगते. मी एक जुनी, झाकणाची काचेची बशी आहे. औरंगाबादच्या एका कॉलेजात माझ्यात जंतू वाढवत.

पिशोरची उमा तिथं गणितात संशोधन करायची. जंतूंना खाऊ भरपूर मिळाला तर त्यांची वसाहत भाकरीसारखी गोल वाढते, खाऊ तोकडा पडला तर तिला बाभळीसारख्या फांद्या फुटतात, असं तिचं समीकरण सांगे. पण खाऊ तोकडा ठरवूनही माझ्यात दर वेळी भाकरीच!

तिच्या अनंतराव सरांनी मला टेबलावर आपटलं. माझ्या कडेचा टवका उडाला. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

"हे का तुझं गणित? सोमवारी तुझं नाव कमी करतो. जा पिशोरला, भाकरीच थाप!"

उमा रडली नाही. तिनं वसाहत मोजली, समीकरण उलटं सोडवलं.

"सर, खाऊ तिप्पट पडलाय. कुणीतरी टाकलाय."

"स्वतःचं चुकलं की आता चोर शोध!" सर खेकसले.

माझ्यात खाऊ ओतणाऱ्या द्वारकाबाई कोपऱ्यात बशा घासत होत्या. एकही कीर्तन न चुकवणारी बाई. पदराला हात पुसत पुढं आल्या.

"म्या टाकला, साहेब. एक चमचा सांगितला व्हता, दोन वर टाकले. पोरगी म्हणायची, ह्यांना उपाशी ठेवायचंय. मुके जीव ते! माझा हात धजंना."

"मावशी!" उमा कडाडली. "तीन महिने माती केलीत माझ्या कामाची!"

"व्हय, केली. पर तुझं गणित खोटं नाय, एवढं तरी सायबाला कळू दे."

सरांनी वही ओढून पाहिली. तिप्पट म्हणजे तिप्पटच.

पुढच्या वेळी उमानं मला स्वतः भरलं. थोड्याच दिवसांत माझ्यात बाभूळ फुटली आणि उमा डॉक्टर झाली. द्वारकाबाईंना मात्र त्याच सोमवारी कामावरून काढलं. उमाच्या प्रबंधात सरांचे आभार दोनदा आहेत. बाईंचं नाव कुठंच नाही.

मी आता सरांच्या टाचण्या सांभाळते. मित्रांनो, काच जपून हाताळा, आणि ती घासणारा हातही जपा. जेवायला बसाल तेव्हा पहिल्या घासाला द्वारकाबाईंची आठवण काढा. त्यांना जंतूची भूकसुद्धा बघवली नाही.