जुनं पाणी

अण्णा गेले त्या आठवड्यात त्यांच्या माशांच्या टाकीतलं पाणी वाढत वाढत अकोल्याच्या त्या फ्लॅटभर पसरलं. कुमुदबाईंनी ते पसरू दिलं. छताला टेकलं तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या. निळ्या पट्ट्याचे, तांबड्या शेपटीचे निऑन टेट्रा आता घोळक्याने स्वयंपाकघरात यायचे आणि त्या वळल्या की वळायचे.

या माशांना एकटं राहवत नाही. कुमुदबाईही त्याच जातीच्या. चिमटीत खाणं चुरून टाकताना त्यांना पाण्यातून अण्णांचा आवाज येई. चहात आलं किसलंस का, एवढंच ते विचारत. उभ्या संसारात तरी दुसरं काय विचारलं होतं म्हणा! म्हणून पाणी बदलताना त्या अण्णांचाच नियम पाळत: थोडंच काढायचं, जुनं राहू द्यायचं.

मग मुलगा निशांत कॅनडाहून येणार असं ठरलं आणि आवराआवरीला मुलगी अश्विनी यवतमाळहून आली. हिच्या हाताला चैन कुठली? आई बाजारात गेली तशी तिने सगळं पाणी बाल्कनीतून सोडून दिलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढराशुभ्र केला, घर ताज्या पाण्याने भरलं आणि कौतुकाची वाट बघत दारात उभी राहिली.

कुमुदबाई आत आल्या आणि त्यांनी कान दिला. कुठूनच काही येईना. मासे फिके पडून कोपऱ्यात गोळा झाले होते.

"किती घाण झालं होतं गं ते, आई," अश्विनी म्हणाली.

"त्यात अण्णा होते."

निशांत आला तो पिशवीतून. लांब पाठवायचा मासा घरच्याच पाण्यात बांधतात. शिकायला निघाला तेव्हा अण्णांनीच त्याला असं बांधून दिलं होतं, वर रबरबँडचे वेढे घालून. रिक्षावाल्याने माणसाएवढी पिशवी दारात टेकवली. आत निशांत हसत होता. केस विरळ झाले होते त्याचे. रीतीप्रमाणे दोघींनी पिशवी न उघडता हॉलमध्ये तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट होईपर्यंत. कुमुदबाईंनी प्लॅस्टिकला कान लावला. आत अण्णा खोकले आणि चहाची चौकशी करू लागले. कुमुदबाईंना रडूच फुटलं.

पाणी कोमट झालं. निशांत आता हसत नव्हता. शिळ्या पाण्यात तोंड वर करून तो धापा टाकत होता आणि गाठीकडे बोट दाखवत होता. अश्विनीने कात्री आणली.

"सोड त्याला, आई. जीव जाईल त्याचा."

"सोडलं की अण्णा जातील."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे दोन्हीकडे आपलीच माणसं होती. कुमुदबाईंनी कात्री बाजूला सारली आणि रबरबँड हाताने सैल केला, जेमतेम वीतभर, निशांतला श्वास मिळेल इतकाच. कोपऱ्यातले मासे एका रांगेत आत शिरले. आत जाताच त्यांचे पट्टे पुन्हा निळे झाले. मग कुमुदबाईंनी डोकं आत घातलं, खांदे चोरले, पाय ओढून घेतले आणि आतून पिशवीचं तोंड आवळून धरलं.

अश्विनी हाका मारत राहिली. पिवळसर पाण्यात आई, निशांत आणि अण्णा अंगाला अंग लावून होते. तिने बाहेरून बोटाने टकटक केली. आत तिघंही दचकली आणि माशांबरोबर एकदम, एकाच झटक्यात, पाठ फिरवून वळली.