टाच चिरलेला बूट

मी बूट आहे. उजव्या पायाचा, फुटबॉलचा. कातडं अस्सल, शिवण पक्की. मला कुणाची दया नको. झालं ते सांगतो, तेवढं ऐका.

माझा मालक डूगल. स्कॉटलंडातल्या एका खाणीच्या गावचा, मधल्या फळीत खेळणारा. सोळाव्या वर्षी क्लबात गेला आणि चौदा वर्षं तिकडच्या चिखलात पळाला. देशाच्या संघात दोनदा नाव लागलं; दोन्ही वेळा बाकावर बसून परत आला. मग कतारच्या एका क्लबाने बोलावलं. तेव्हा लुसैलला विश्वचषकाच्या स्टेडियमचं काम चालू होतं आणि दोहात जो तो फुटबॉलचंच बोलत होता. मला त्याने इथेच घेतलं.

नवा बूट पाय सोलतो. म्हणून क्लबाच्या सामानघरातला शहाजी आधी आठ दिवस मला वापरायचा. माणूस करमाळ्याकडचा, चामड्याचं काम पिढीजात. त्याचा आणि डूगलचा पाय एकाच मापाचा. मला घालून तो गवतावर चकरा मारायचा.

"काय चाचा, आज कुठल्या संघाकडून?" सामानघरातलाच युसुफ त्याला डिवचायचा.

"तुझ्या विरुद्धच्या. गोल सांभाळ."

"माझ्या हातून गेलेला बूट चावत नाही," असं शहाजी म्हणायचा. खरंच होतं ते.

तिसऱ्या हंगामात डूगलचा घोटा बिघडला. त्याने लपवलं. पण पाय कसा पडतो ते बुटाला कळतंच. माझा आतला तळ एकाच कडेला झिजलेला शहाजीनेही पाहिला.

"साहेब, डॉक्टरला दाखवा."

"शुक्रवारनंतर."

शुक्रवारच्या सामन्यावर सगळं होतं. खेळला तर आणखी एक हंगाम. नाहीतर तेहेतिसाव्या वर्षी घरी, खेळ कायमचा बंद.

शुक्रवारी पाय इतका सुजला की माझ्यात शिरेना. नाड्या काढून पाहिल्या, तेल लावून पाहिलं. मी आखडून बसलो. मालकाला मी पहिल्यांदाच नाही म्हणत होतो.

डूगलने भिंतीला डोकं टेकलं. "शहाजी, काहीतरी कर. मला दुसरं काही येत नाही रे."

"यल्ला, यल्ला! चला लवकर!" युसुफ दारातून ओरडला. "संघ निघाला!"

शहाजीने चामडं कापायची रापी काढली. माझी टाच उभी चिरली, वरून चिकटपट्टी आवळली. पाय आत गेला. आपली कारागिरी पाहून शहाजी खूश झाला होता. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

डूगल बावीस मिनिटं खेळला. चांगला खेळला, हे सांगायलाच हवं. मग चेंडू घेऊन वळताना टाचेला धरून ठेवायला माझ्यात काही उरलं नव्हतं. घोटा फिरला. मोडल्याचा आवाज बाहेर पोचायच्या आधी मी ऐकला.

महिन्याने तो कुबड्यांवर सामानघरात आला. "तुझा दोष नाही," एवढं शहाजीला म्हणाला आणि मायदेशी गेला. युसुफ आता शहाजीला डिवचत नाही.

विश्वचषक अजून यायचा आहे. मी फळीवर असतो. आज शहाजीने दोऱ्याला मेण लावलं आणि मला मांडीवर घेतलं.

शहाजी, टाच शिवू नकोस. शिवलीस तरी मी आता कुणाच्या पायाचा नाही. पण उद्या कुणी सुजलेला पाय घेऊन येईल, हातापाया पडेल. त्याचा बूट नाही म्हणाला, तर त्या बुटाचं ऐक. रापीला हात लावू नकोस.