जहाजावरची राखण

मी गोफण बोलतेय, आणि रागानं बोलतेय. गोड ऐकायची सवय असेल तर आत्ताच उठून जा.

माझा जन्म शिरूर कासारचा. नीलम्मानं अंबाडीच्या सालीचा वाख मांडीवर वळून मला विणलं. एका टोकाला बोटात अडकवायचा फासा, मधे दगडाची खोळ, दुसऱ्या टोकाला मोकळा झुपका. दगड नसला तरी चालतं. गरगर फिरवून झटका दिला, की तो झुपका असा कडाडतो, की ज्वारीवरची पाखरं भुर्रकन उठतात.

नीलम्माचा लेक संगमेश्वर शेतातल्या उंच माळ्यावर बसून राखण करायचा. देशाची दारं उघडल्याचा तेव्हा मोठा गाजावाजा होता. मालाची जहाजं वाढली, खलाशी हवे झाले. संगमेश्वर आणि कडा गावचा म्हाळू एकाच जहाजावर लागले. आईच्या हातचं काहीतरी जवळ असावं म्हणून त्यानं मलाही पेटीत टाकलं.

मलाक्काच्या चिंचोळ्या समुद्रात चाचे फिरायचे. छोट्या होडीतून मागून यायचे, आकडा लावलेल्या बांबूवरून वर चढायचे आणि खलाशांच्या मानेला कोयता लावायचे. आणि एवढ्या थोरल्या जहाजाच्या मागच्या टोकाला पहारा कितीचा? एका माणसाचा! हातात काय, तर बॅटरी. कप्तानानं आणखी एक माणूस मागितला, तर कंपनीला परवडेना. जहाजाला दरवर्षी रंग द्यायला बरं परवडत होतं.

एका पहाटे संगमेश्वरची पाळी असताना कठड्याला आकडा अडकला. भोंगा वाजवायचा सोडून या बाबानं काय करावं? माळ्यावर ओरडतात तसं ‘हाऽऽ हाऽऽ’ करून ओरडायला लागला! पाखरं होती का ती? मग पहाऱ्याला येताना कमरेला गुंडाळलेल्या मला ओढून त्यानं असा झटका दिला, की चाच्यांना वाटलं बंदूक झाली. वर आलेला गडी सरकन खाली घसरला आणि होडी पळाली. सगळे वाचले.

कंपनीनं त्याचा सत्कार केला असेल, असं वाटतं ना? कसलं बोडक्याचं! भोंगा वाजवला नाही आणि हत्यार बाळगलं, म्हणून पुढच्या बंदरात उतरवून त्याला घरी धाडलं. त्याच्या जागी म्हाळूला उभं केलं, तेही एकट्याला.

दिवाळीनंतर चाचे पुन्हा मागूनच चढले. कड्याला म्हाळूचा देह बंद पेटीत आला. त्याच्या आईला, वत्सलाबाईला, झाकणसुद्धा उघडू दिलं नाही.

आणि त्यानंतर कंपनीचा साहेब जीप घेऊन आमच्या ओसरीवर! त्या टोकाला उभं राहायला कोणी तयार नव्हतं. झालं गेलं विसरून परत या, म्हणाला, आणि ती दोरीही आणा. दोरी! मी दोरी!

पहाऱ्याला दोघं ठेवणार का, एवढंच संगमेश्वरनं विचारलं. साहेब म्हणाला, वर विचारून सांगतो. नीलम्मानं त्याच्यापुढचा चहाचा कप उचलला.

“जवारीची पाखरं राखायला बी आमी माळ्यावर दोघं बसवताव, साहेब. तिथं नुसता दाणा जातो. तुमचा तर माणूस गेलाय, आन् तुमी इचारून सांगणार?”

साहेब निघून गेला, पण त्याचं काही अडलं नाही. तलवाड्याचा सिदू त्या जागेवर लागला. कळताच संगमेश्वर तलवाड्याला गेला, त्याला लई समजावलं. सिदू म्हणाला, न्हाई गेलो तर बायकोला घेऊन ऊस तोडायला जावं लागंल. संगमेश्वरनं मला सिदूच्या हातात दिलं.

“आधी भोंगा वाजव बे,” तो म्हणाला. “मंग हिला फिरव.”

आज मी सिदूच्या कमरेला आहे. समोर काळं पाणी आहे आणि त्याच्या पाठीशी कोणी नाही. झोप आली की तो स्वतःलाच चिमटे काढतो. अहो खुर्चीवाल्यांनो, मला दोरी म्हणा, काहीही म्हणा. पण या लेकराच्या शेजारी आज, आत्ता, एक माणूस उभा करा.