ठुशी सगळ्यांना बसते

"रेनेसाँच्या काळात बाईला किंमत नव्हती असं म्हणणारे साफ चुकतात. किंमत होती. फक्त ती तिच्या बापाला भरावी लागायची!" होणाऱ्या सासूच्या स्वयंपाकघरात उभं राहून निवेदिताने जाहीर केलं.

"हो का?" आशालताकाकू म्हणाल्या. "मग तेवढा कुकर बंद कर."

निवेदिताने फ्लॉरेन्स तिथेच सोडून कुकर बंद केला. हॅमिल्टनच्या विद्यापीठात ती हेच शिकवायची: जुन्या इटलीतल्या बड्या घरांची लग्नं आणि त्यांतल्या नवऱ्यामुलींची चित्रं. तिचं स्वतःचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, काकूंच्या धाकट्या मुलाशी. इंद्रनील हॉस्पिटलात डॉक्टर. घर ऐसपैस, हिरवळ कातरलेली, आणि शांतता अशी की फ्रिजसुद्धा दबून घरघरत होता. फक्त मागच्या मोरीत कुणीतरी मघापासून भांडी घासत होतं.

काकूंनी स्टीलच्या डब्यातून ठुशी काढली आणि तिच्या गळ्यात बांधली. मागचा दोरा सरकवला. सोन्याचे मणी मानेला टेकले.

"घट्ट होतेय, काकू."

"सवय होते. सगळ्यांना बसते ती."

बाजूला उभ्या इंद्रनीलने फोटो काढायला फोन वर धरला. "समोर नको गं बघू. खिडकीकडे बघ. आपल्याकडे फोटो असेच काढतात."

असेच म्हणजे कसे, ते समोरच्या भिंतीवर होतं. आधी तरुण काकू, मग थोरली सून अनुया. दोघी बाजूने, दोघींच्या गळ्यात हीच ठुशी, दोघींची नजर चौकटीबाहेर. अशीच चित्रं निवेदिता दरवर्षी वर्गात दाखवायची. नवरीला बाजूनेच काढत, म्हणजे बघणाऱ्याला बघता येईल, तिला नाही. दागिने सासरचे असत. मिरवून झाले की बऱ्याचदा काढून घेत.

"अनुयावहिनी औषधांच्या दुकानात नोकरीला होत्या ना, तिकडे ओटाहुहू भागात?"

"होती," काकू म्हणाल्या.

मोरीतला नळ थांबला. अनुया चहा घेऊन आली. गळा मोकळा, हात पाण्याने सुरकुतलेले. ट्रे ठेवता ठेवता हलकेच बोलली, "माझी ठुशी फोटोनंतर लगेच काढून घेतली. नोकरी सोडायला मात्र वर्ष लागलं."

"अनुया, साखर विसरलीस," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. अनुया वळली आणि आत गेली. नळ पुन्हा सुरू झाला.

निवेदिताने इंद्रनीलकडे पाहिलं. "माझी नोकरी?"

"तुला सोड कोण म्हणतंय?" तो फोनवरची नजर न हलवता म्हणाला. "सध्या फक्त थांबव. आईला घरात माणूस लागतं. वळ ना जरा... अजून थोडी. परफेक्ट!"

निवेदिता वळली, पण त्याच्याकडे. मानेमागे हात नेऊन तिने दोरा सैल केला, ठुशी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"मला हे लग्न नाही करायचं."

इंद्रनीलचा फोन तसाच वर राहिला. तिने पर्स उचलली आणि आत डोकावून म्हणाली, "वहिनी, गाडीत जागा आहे."

नळ थांबला. हात पुसत अनुया बाहेर आली आणि दाराशी चपला शोधू लागली.

काकूंनी दोघींकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग घड्याळाकडे.

"जाताच आहात," त्या म्हणाल्या, "तर तो लाल झाकणाचा बिन तेवढा रस्त्याकडेला ठेवा. उद्या कचऱ्याची गाडी आहे."