पाचवं मत

“ताई, तुला बोलायचं काही नाहीये. फक्त हात वर करायचाय,” धाकटा म्हणाला.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने चादर पसरली होती आणि उरलेल्या कोपऱ्यात धाकटा चहाचा कप घेऊन बसला होता. एक्केचाळीस वर्षांचा गडी, कानांपाशी पांढरा व्हायला लागलेला. पण आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. तेव्हापासून तिच्या लेखी तो धाकटाच.

“कशासाठी हात वर करायचा ते तरी सांगशील?”

“तुला ठाऊक आहे. मॅनेजरला काढायचंय. अध्यक्ष आणि बसड्रायव्हर काढा म्हणतात. औषधवाला आणि म्हातारा गोलकीपर ठेवा म्हणतात. दोन-दोन झाले. पाचवी तू.”

“आणि तो गेला की?”

“मग मी.” धाकट्याने कपात बघत सांगितलं. “सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, ताई. सहा मॅनेजर आले, सगळ्यांच्या मागे मी उभा. आता अध्यक्ष स्वतः म्हणतायत. पुन्हा अशी वेळ यायची नाही.”

ताईने उशीचा अभ्रा घडी करून बाजूला ठेवला. “जेवून जा,” एवढंच ती म्हणाली. पण तो थांबला नाही.

धाकटा ज्या फुटबॉल क्लबात मॅनेजरच्या हाताखाली होता, त्याच क्लबात ताई कपडे धुवायची. प्रेक्षकांच्या गॅलरीखाली एक लांबट, दमट खोली होती. तिथे दोन मशिनी, एक मोठी दगडी टाकी आणि कपडे वाळवायला वरून सोडलेल्या दांड्या. तेवीस वर्षं ती त्या खोलीत होती. भाऊ ताई म्हणायचा म्हणून अख्खा क्लब तिला ताईच म्हणे, तिच्याहून वयाने थोर असलेले अध्यक्षसुद्धा. क्लबच्या समितीत नोकरांपैकी एकाने बसायचं असा जुना नियम होता. आधीचा माळी निवृत्त झाल्यावर ती खुर्ची कुणालाच नको होती, म्हणून सगळ्यांनी ती ताईच्या गळ्यात मारली. सहा वर्षं ती बैठकांना जायची, बहुतेकांचे हात कुठे आहेत ते बघायची आणि आपलाही तिथेच वर करायची. कुणी तिला कधी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी तोंड उघडलं नव्हतं.

यंदा मात्र क्लबची पार दैना झाली होती. वीस सामन्यांत तीन विजय. शेवटचे आठ ओळीने हरलेले. गुणतालिकेत तळाला जे दोन संघ राहतील ते खालच्या विभागात जाणार होते, आणि यांचा संघ अगदी शेवटचा होता. दहा सामने उरले होते. बसथांब्यावर, दुकानात, न्हाव्याकडे एकच विषय, मॅनेजर कधी जाणार.

बैठक दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी होती. दुपारी ताई टाकीत मोजे खंगाळत होती तेव्हा मॅनेजर स्वतः सरावाच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन खाली आला. उंच, टक्कल पडलेला, मोजकं बोलणारा माणूस. गेल्या वर्षी आला तेव्हापासून गाठोडं तोच आणायचा. कुणाला पाठवायचा नाही. गाठोडं ठेवून तो वळला, तेव्हा ताईला राहवलं नाही.

“आज बैठक आहे. मला काही सांगायचं नाही तुम्हाला?”

“काय सांगू, ताई? हरतोय ते सगळ्यांना दिसतंय.” तो दाराशी थांबला. मग म्हणाला, “एकच सांगतो. मला काढलंत तर तुमच्या भावाला लगेच नेमा. मधे दिवस घालवू नका. पोरं त्याचं ऐकतात.”

ताईचे हात पाण्यातच राहिले. “तो तुमच्यामागे काय बोलत फिरतो, ते माहीत आहे तुम्हाला?”

“आहे. सतरा वर्षं थांबलेला माणूस बोलणारच. मीही बोललो असतो.”

तो गेला. ताईला वाटलं, याने निदान गयावया करायला हवी होती, म्हणजे आपलं काम सोपं झालं असतं. तिने गाठोडं सोडलं आणि नेहमीप्रमाणे एकेक कपडा उजेडात धरून बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली.

बैठक कचेरीच्या वरच्या खोलीत होती. अध्यक्षांची लाकडाची वखार होती, त्यामुळे क्लबला टेबल भलंमोठं मिळालं होतं. एवढं मोठं, की पाच माणसं पाच गावांत बसल्यासारखी वाटत. धाकटा खाली जिन्यापाशी येरझाऱ्या घालत होता. त्याची पावलं ताईला वरपर्यंत ऐकू येत होती.

“माझं त्या माणसाशी वैर नाही,” अध्यक्ष म्हणाले. “पण आठ सामने म्हणजे आठ सामने. काहीतरी करावंच लागेल.”

“काहीतरी करायचं म्हणून माणूस बदलायचा?” म्हातारा गोलकीपर म्हणाला. त्याची तीन बोटं खेळताना मोडून वाकडी जुळली होती आणि बोलताना तो तीच नाचवायचा. “दर वर्षी बदलतोच आहोत. काय उजेड पडला?”

बसड्रायव्हर प्रेक्षकांच्या वतीने समितीवर होता. “तुम्ही माझ्या बसमध्ये बसून बघा एकदा. लोक मलाच शिव्या घालतात. जसं काही मीच पेनल्टी हुकवली.”

औषधवाल्याने चष्मा पुसत आपलं जुनंच म्हणणं मांडलं, की उपचार अर्धवट सोडला तर दुखणं उलटतं. मग अध्यक्षांनी मत घेतलं. काढा म्हणणारे दोन हात वर झाले. ठेवा म्हणणारे दोन झाले. सगळे ताईकडे बघायला लागले.

“ताई, तुमचा हात कुठेच दिसला नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“मला आधी बोलायचंय.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. सहा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

“मला खेळातलं काही कळत नाही,” ताई म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून तिने घसा खाकरला. “मला कपड्यांतलं कळतं. अंग चोरून खेळणाऱ्याचे कपडे मी न विचारता ओळखते. पाच वर्षांमागे आपण खाली गेलो, आठवतं? त्या वर्षी शेवटच्या दोन महिन्यांत चार-पाच जर्सी अशा यायच्या, की झटकून पुन्हा घालाव्यात. कप्तानाची तर इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. संघ खाली जाणार हे मला तुमच्याआधी कळलं होतं. पण मला विचारणार कोण, आणि मी सांगणार कुणाला.”

औषधवाला चष्मा पुसायचा थांबला.

“गेल्या शनिवारी आपण चार गोलांनी हरलो. अकराच्या अकरा जर्सी मला दोनदा भिजत घालाव्या लागल्या. दोन चड्ड्या गुडघ्यापर्यंत फाटल्या. राखीव खेळाडूंचे कपडेसुद्धा घामाने खारट झालेले. आज सरावाचे कपडे आले, तेही तसेच. आठ सामने हरलेली पोरं एरवी साध्या सरावात अशी लोळत नाहीत. त्यांनी या माणसाला सोडलेलं नाही. आपण का सोडायचं?”

“म्हणजे आता लाँड्रीवरून संघ चालवायचा का?” बसड्रायव्हर म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

“चालवू नका. फक्त एवढं ठरवताना तेही जमेस धरा.”

अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली. “ताई, हा माणूस गेला तर जागा कुणाला मिळणार, ते तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.” खालची पावलं थांबली होती. “मी ठेवा म्हणते,” ताई म्हणाली, आणि तिचा हात वर गेला.

ती जिना उतरली तेव्हा धाकट्याला तिच्या तोंडावरूनच कळलं.

“कशासाठी, ताई?”

“तो माणूस काम करतोय.”

“आणि मी काय करत होतो इतकी वर्षं?”

त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तो निघून गेला.

त्यानंतरच्या शनिवारी संघ पुन्हा हरला. ओळीने नववा. सोमवारी खोलीच्या दारावर कुणीतरी खडूने ‘मॅनेजर ताई’ असं लिहून ठेवलं होतं. तिने ओल्या फडक्याने पुसलं. दुकानात एक बाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की धुणं धुणाऱ्यांनी धुणंच धुवावं. ताई पाव घेऊन घरी आली आणि तिला पहिल्यांदा वाटलं, आपलं चुकलं तर? मशिनीसमोर उभं राहून आयुष्य काढलेल्या बाईने एवढ्या लोकांच्या जिवाची गोष्ट ठरवावी, आणि तीही सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढून?

धाकटा घरी यायचा बंद झाला. क्लबात समोर आला तर मान हलवायचा, जशी टपालवाल्याकडे बघून हलवतात. त्याने राजीनामा लिहून मॅनेजरपुढे ठेवला होता, हे तिला म्हाताऱ्या गोलकीपरकडून कळलं.

“मग?”

“मग काय, त्याने कागद वाचला आणि खिशात घातला. म्हणाला, आजपासून कॉर्नर आणि फ्री किक तुझ्या. मी त्यात पडणार नाही. जमलं तर तुझं, फसलं तर माझं. तुझा भाऊ मग मैदानावर गेला.”

पुढचा सामना बरोबरीत सुटला. त्याच्या पुढचा त्यांनी एका गोलने जिंकला, तोही कॉर्नरवरून. मग परगावी आणखी एक बरोबरी, घरी एक विजय. एक सामना असा हरले की प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बसड्रायव्हर एकदा मुद्दाम गॅलरीखाली आला आणि ताईच्या नळाची गळती दुरुस्त करून गेला. शेवटच्या शनिवारी हिशेब सरळ होता. जिंकलं तर राहिलो, नाहीतर गेलो.

सामना चालू असताना ताई कधी वर जात नसे. डोक्यावरच्या फळ्यांवर आपटणाऱ्या पायांवरूनच तिला सगळं कळे. त्या दिवशी फळ्या गप्प होत्या. मध्यंतर झालं, तरी गप्प. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा म्हातारा गोलकीपर दारात आला.

“चल.”

“माझे कपडे...”

“कपडे कुठे पळून जातात? चल म्हणतो ना.”

खेळाडू जिथून मैदानात येतात त्या बोळाच्या तोंडाशी तो तिला घेऊन गेला. मैदानाचा हिरवा रंग एकदम अंगावर आला. कुणाचाही गोल झालेला नव्हता. पोरं दमलेली दिसत होती. एकाच्या कपाळाला पट्टी होती. रेघेपाशी मॅनेजर हात बांधून उभा, आणि त्याच्या चार पावलं पुढे धाकटा. ताईने त्याला कामावर असा कधी पाहिलाच नव्हता. तो हातवारे करत होता, वाकून ओरडत होता, आणि आत गळपटलेलं पोर त्याच्याकडे एकदा बघून पुन्हा पळत होतं.

आठ मिनिटं उरली असताना कॉर्नर मिळाला. धाकट्याने तीन बोटं वर केली. सगळे खेळाडू गोलच्या जवळच्या खांबाकडे धावले आणि त्यांच्यामागे समोरचा सगळा संघही तिकडेच ओढला गेला. उंच बचावपटू मात्र आरामात मागे राहिला, चुकल्यासारखा. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून लांब आला. त्याने उडी मारली आणि नुसतं कपाळ लावलं.

पुढचा आवाज ताईने तेवीस वर्षं खालून ऐकला होता, पण तो असा छातीत शिरतो हे तिला माहीत नव्हतं. गोलकीपरने तिचा खांदा वाकड्या बोटांनी गच्च धरला होता. मॅनेजर धावला नाही, नाचला नाही. त्याने फक्त हात लांब करून धाकट्याकडे बोट दाखवलं. गोल करणारा बचावपटू वळला, थेट धाकट्याकडे पळत आला, आणि मग सगळा संघ धाकट्यावर कोसळला. ताईला त्याचा फक्त एक बूट दिसत होता.

उरलेली मिनिटं सरता सरेनात. समोरच्यांचा एक फटका खांबाला लागून बाहेर गेला तेव्हा ताईने डोळे मिटले, ते शिट्टी वाजेपर्यंत उघडलेच नाहीत.

तासाभराने धाकटा खाली आला. जाकीट ओलं, आवाज पार बसलेला. ताई कपडे भिजत घालत होती. तो दाराशी रेंगाळला, मशिनीवर हात ठेवून उभा राहिला.

“घरी जेवायला काय आहे?” त्याने विचारलं.

“कालचंच आहे.”

“चालेल.”

तिने हात पुसले, पिशवी घेतली. दोघं बाहेर पडली तेव्हा रस्ता माणसांनी फुलून गेला होता. पावलापावलाला कुणीतरी धाकट्याला मिठी मारत होतं, पाठ थोपटत होतं. ताईला फारसं कुणी ओळखत नव्हतं. दर वेळी धाकटा घोगऱ्या आवाजात सांगायचा, “ही माझी ताई.” माणसं मान हलवून पुढे जायची, आणि पुढच्याला तो पुन्हा सांगायचा.

वळणावर औषधांच्या दुकानापुढे एका म्हाताऱ्या प्रेक्षकाने त्याचे दोन्ही हात धरले. “पुढच्या वर्षी मॅनेजर तुम्हीच व्हा, साहेब. आम्ही अध्यक्षांना सांगतो.”

धाकट्याने एकदा ताईकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे.

“मॅनेजर आहे की आमच्याकडे,” तो म्हणाला.

ताईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दोघं घराच्या रस्त्याला लागली.